गावाच्या पुरासाठी मातीचा बांध की सिमेंटचा बंधारा?

ओढ्याचे पाणी पावसाळ्यात गावठाणात शिरू लागले की ग्रामसभेपुढे सहसा दोन प्रस्ताव येतात: गावाच्या वरच्या अंगाला मातीचा छोटा बांध, किंवा ओढ्यातच सिमेंटचे बंधारे. निवड करताना पाणी किती साठेल यापेक्षा, पूर येईल तेव्हा बांधामागे रिकामी जागा किती असेल, हे आधी पाहावे.

शंभर हेक्टर पाणलोटावर 100 मिमी पाऊस पडून त्यातले निम्मे पाणी वाहून आले, तर ते 50,000 घनमीटर भरते. पंधरा मीटर रुंद ओढ्यातील दोन मीटर उंच बंधाऱ्याचा फुगवटा 200 मीटर मागे गेला, तरी त्यात जेमतेम 3,000 घनमीटर मावते, आणि जुलैअखेर तो भरला असेल तर ऑगस्टचा पूर त्यावरून जसाच्या तसा पुढे जातो. विहिरींसाठी असा बंधारा उत्तम आहे. पुराला त्याचा उपयोग नाही.

मातीच्या बांधामागे जागा बरीच मिळते, परंतु तो पाझर तलावासारखा काठोकाठ भरून ठेवला तर त्याचीही तीच गत होते. अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यात, वॉशिता नदीच्या खोऱ्यात 1948 पासून बांधलेल्या छोट्या बांधांत ठरावीक पातळीवर तोंड उघडे असलेला नळ असतो. तो पुराचे पाणी हळूहळू खाली सोडून जागा पुन्हा मोकळी करतो, आणि फारच मोठा पूर आला तर बाजूचा गवताळ सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जाण्याची वाट, वाहू लागतो.

धोक्याच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. सिमेंटच्या बंधाऱ्यावरून पाणी गेले तरी तो टिकतो, मातीच्या बांधाचा माथा चिरत जातो. 1979 मध्ये गुजरातमधील मोरबीजवळच्या मच्छू-2 धरणाचे मातीचे भाग असेच वाहून गेले. नळाभोवतीची जागाही नाजूक असते: 1961 मध्ये पानशेतचा बांध अर्धवट राहिलेल्या विमोचकाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या मार्गाच्या, वरच खचला. रत्नागिरी जिल्ह्यातील तिवरे हे मातीचे धरण 2 जुलै 2019 रोजी फुटल्यावर खापर बिळे करणाऱ्या खेकड्यांवर फोडले गेले, पण गळतीची तक्रार ग्रामस्थांनी त्याआधीच केली होती.

त्यामुळे घरे थेट बांधाच्या पायथ्याशी असतील, किंवा झुडपे काढणे, बिळे बुजवणे आणि सांडवा मोकळा ठेवणे ही कामे दरवर्षी करणारे कोणी नसेल, तर मातीचा बांध घेऊ नये. ही अडचण नसेल तर पुरासाठी तोच योग्य. बुडिताच्या जमिनीतले पाणी ओसरून जात असल्याने तिथे रब्बी घेता येते. खरिपाच्या नुकसानीची भरपाई मात्र काम सुरू होण्यापूर्वीच लेखी ठरवून घ्यावी.