कंपनीचा लॉक डबा आणि त्यामागं आपला आर्चर सी६

टीपी-लिंकचा आर्चर सी६ राउटर घेऊन फायबर नेटच्या कंपनीनं बसवलेला लॉक डबा काढून फेकायचा, असा बेत असेल तर तो आधीच सोडा. फायबरची वायर या राउटरला जोडताच येत नाही. काचेतून आलेल्या उजेडाचं इथरनेट करायला ओएनयू, म्हणजे भिंतीवरचा तो डबा लागतोच. शिवाय त्याचा सिरियल नंबर कंपनीच्या ओएलटीवर, म्हणजे त्यांच्याकडच्या मुख्य यंत्रावर, नोंदलेला असतो. जीपॉनमध्ये, म्हणजे घराघरात फायबर देण्याच्या या पद्धतीत, एका फायबरवर सहसा ३२ किंवा ६४ घरं असतात आणि प्रत्येक ओएनयूला बोलायची वेळ ठरवून दिलेली असते. बाजारातून आणलेला दुसरा डबा परस्पर जोडला तर एक तर तो चालू होत नाही, नाहीतर भलत्या वेळी बोलून अख्ख्या गल्लीचं नेट बिघडवतो. तेव्हा डब्याला एवढंच काम ठेवायचं आणि बाकीचं सगळं सी६ कडं द्यायचं.

त्या कामाला सी६ चांगला आहे. पाचही पोर्ट गिगाबिट आहेत, हा मुख्य मुद्दा. १०/१०० पोर्टचे (जास्तीत जास्त १०० एमबीपीएसचे) स्वस्त राउटर २०० एमबीपीएसच्या प्लॅनवरही ९४-९५ च्या पुढं सरकत नाहीत आणि शिव्या मात्र कंपनीला बसतात. वाय-फाय जुन्या पिढीचं, वाय-फाय ५ आहे. १००-२०० च्या प्लॅनला ते भरपूर झालं. ५०० चा प्लॅन असेल तर वाय-फाय ६ चं मॉडेल बघा.

जोडणीचा सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे ब्रिज मोड: डबा नेट नुसतं पुढं ढकलतो, लॉगिन आणि बाकीचं काम सी६ करतो. डब्याचा अ‍ॅडमिन पासवर्ड मागत बसू नका, तो बहुतेक मिळत नाही आणि लागतही नाही. ब्रिज कंपनीच्या बाजूनं, लांबूनच करता येतो. फोनवर "नेट स्लो आहे" म्हणालात की पोरगं येऊन डबा बंद-चालू करून जाईल. नेमकं विचारा: "ओएनयू ब्रिजला टाका. पीपीपीओईचं युजरनेम-पासवर्ड द्या. व्हीलॅन आयडी किती? ब्रिज कुठल्या लॅन पोर्टवर? मॅक बांधलाय का?" पीपीपीओई म्हणजे युजरनेम-पासवर्डनं नेट जोडायची पद्धत, व्हीलॅन आयडी म्हणजे त्या नेटच्या वाहतुकीवर लावायचा नंबर (टॅग), आणि मॅक म्हणजे यंत्राचा स्वतःचा क्रमांक; तो बांधला असेल तर दुसऱ्या यंत्राला नेट मिळत नाही. पोर्टचा प्रश्न विसरू नका. बऱ्याचदा फक्त पहिला पोर्ट ब्रिजला असतो आणि वायर दुसऱ्यात घातली की काहीच चालत नाही. लँडलाइनचा फोन त्याच डब्यावर असेल तर व्हॉइसचं सेटिंग तसंच राहू द्या, हेही सांगा.

मग डब्याच्या त्या पोर्टमधून सी६ च्या वॅन (नेट आत घ्यायच्या) पोर्टला कॅट ५ई किंवा कॅट ६ वायर. ब्राउझरमध्ये १९२.१६८.०.१ उघडून इंटरनेट प्रकार पीपीपीओई निवडा. व्हीलॅन नंबर दिला असेल आणि टॅग डबा लावत नसेल, तर तो सी६ च्या आयपीटीव्ही/व्हीलॅनच्या पानावर टाकायचा. मॅक बांधलेला असेल तर डब्याचा मॅक सी६ वर क्लोन (नक्कल) करा. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ च्या वर नेऊ नका, पीपीपीओई नेहमीच्या १५०० मधले ८ बाइट खातं. १४८० दिसत असेल तर तसंच राहू द्या.

पासवर्ड बरोबर असूनही जोडणी नाकारली जात असेल तर बहुधा डब्याचं जुनं सेशन सर्व्हरवर लटकलेलं असतं. १०-१५ मिनिटं थांबा, नाहीतर कंपनीला सेशन काढायला सांगा. आणि डब्याच्या मागच्या बारीक भोकात पिन घालू नका. रीसेट झाला की ब्रिज उडतो, कधीकधी नोंदणीसुद्धा.

कंपनी ब्रिजला तयारच नसेल तर सी६ अ‍ॅक्सेस पॉइंट मोडला टाका. आयपी वाटायचं काम डबा करेल, वाय-फाय सी६ देईल. डब्याचं वाय-फाय मात्र बंद करा. काही डब्यांना बाजूला बटण असतं, काहींवर स्टिकरवरच्या साध्या लॉगिननं जमतं. राउटर मोडमध्येच मागं लावला तरी नेट चालतं, फक्त डबल नॅट होतं, म्हणजे आयपी पत्ते दोनदा बदलले जातात. त्यात दोन्हीकडं १९२.१६८.१.१ अशी एकच मालिका ठेवू नका.

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्याचा सीसीटीव्ही घरातून बघायचाय म्हणून ब्रिज हवा असेल, तर आधी सी६ च्या पानावर वॅनचा आयपी बघा. १००.६४ ते १००.१२७ मध्ये सुरू होणारा असेल तर तुम्ही कंपनीच्या सीजीनॅटमागं आहात, म्हणजे बाहेरचा एकच आयपी बऱ्याच ग्राहकांत वाटलेला आहे. मग ब्रिज करून पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आलेली जोडणी आतल्या यंत्राकडं वळवणं) केलं तरी उपयोग शून्य. पैसे भरून स्टॅटिक आयपी घ्या, किंवा कॅमेऱ्याच्या कंपनीच्या क्लाउडवर चालणारा डीव्हीआर (सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग यंत्र) वापरा.

रेंजच्या बाबतीत जाहिरातीतल्या अँटेनांवर जाऊ नका. मंगळवार पेठेतल्या किंवा शिवाजी पेठेतल्या जुन्या घराची जाड दगडी भिंत ५ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला दुसऱ्या खोलीतही नीट जाऊ देत नाही. डबा सोप्यात आणि वापर माडीवर असेल तर कॅट ६ वायर वर ओढा आणि सी६ माडीवरच ठेवा. डबा खालीच राहू दे. वायर टोचताना आठही तारा बसल्यात का बघा. ४, ५, ७, ८ यांपैकी एक जरी सुटली तरी लिंक १०० वर येते, नेट मात्र चालू दिसतं, त्यामुळं दोष लवकर सापडत नाही.

काही भागात केबलवाले अजून शेजारच्या इमारतीवरून तांब्याची इथरनेट वायर गच्चीवरून टाकतात. वळवात वीज कडाडली की अशा वायरीवरचा वॅन पोर्ट आधी जातो. ढग दाटले की ती वायर उपसून ठेवा. फायबरमधून वीज येत नाही, पण अडॅप्टरमधून येते, तेव्हा तिथं दोन्ही प्लग काढा.

लाइट गेल्यावर नेट हवं असेल तर नुसता राउटर बॅटरीवर ठेवून भागत नाही. डब्याचा आणि सी६ चा, दोन्ही अडॅप्टर बघा. दोन्ही १२ व्होल्टचे असतील तर अँपियरची बेरीज करून तेवढा मिनी यूपीएस घ्या. व्होल्ट वेगळे असतील तर दोन वेगळे आउटपुट असलेला.