क्यूजीआयएसचं डीडब्ल्यूजी-डीएक्सएफ: आत घ्यायला झकास, बाहेर द्यायला जरा जपून

माझं निम्मं काम म्हणजे कॅडवाल्यांकडून (कॉम्प्युटरवर इंजिनिअरिंगची ड्रॉइंग काढणाऱ्यांकडून) ड्रॉइंग घ्यायचं, ते नकाशावर बसवायचं, त्यात आपला डेटा घालायचा आणि परत त्यांच्या हातात द्यायचा. यासाठी बरीच वर्षं क्यूजीआयएस हा नकाशाचा प्रोग्रॅमच वापरतोय, फुकट आहे म्हणून सुरू केलं होतं, आता सवयीने वापरतो. त्यातल्या कॅड देवाणघेवाणीबद्दल, म्हणजे डीडब्ल्यूजी आणि डीएक्सएफ या कॅडच्या दोन फाइल फॉरमॅटबद्दल, खूप जण विचारतात म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. मार्क आधीच सांगतो, इंपोर्टला पाचपैकी चार, एक्सपोर्टला अडीच, आणि तो अडीचही माझा दुसऱ्यांदा वापरल्यानंतरचा आकडा आहे, पहिल्यांदा मी एकच दिला असता.

इंपोर्ट आधी. डीएक्सएफ फाइल नुसती ओढून खिडकीत टाकली तरी उघडते, पण तेव्हा सगळं ड्रॉइंग 'एंटिटीज' नावाच्या एकाच ढिगाऱ्यात येतं, पॉइंट वेगळे, लाइनी वेगळ्या एवढंच, आणि कॅडमधलं लेयरचं (ड्रॉइंगमधल्या थराचं) नाव एका कॉलममध्ये जाऊन बसतं. घाईत बघायला ठीक आहे. खरं काम करायचं असेल तर प्रोजेक्ट मेन्यूतल्या इंपोर्ट/एक्सपोर्टमधून जायचं, ही सोय ३.० व्हर्जनपासून म्हणजे २०१८ पासून आहे आणि कितीतरी लोकांना ती माहीतच नसते. तिथे आधी एक जिओपॅकेज, म्हणजे नकाशाचा डेटा साठवायची फाइल द्यायची, मग ड्रॉइंग निवडायचं, तो सगळं ड्रॉइंग त्या जिओपॅकेजमध्ये उतरवतो आणि मग लेयरची यादी दाखवतो, हव्या त्यांवर टिक करायची. रंग, लेयरची नावं, टेक्स्टचा कोन, सगळं बऱ्यापैकी जसंच्या तसं येतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला खरंच वाटलं नव्हतं.

दोन पर्याय आहेत तिकडे लक्ष द्या. एक ब्लॉक (अनेक रेघांचं मिळून केलेलं एक चिन्ह) उलगडण्याचा, तो निवडला की प्रत्येक मॅनहोलचं चिन्ह सुट्या लाइनींमध्ये फुटतं, मला तर मॅनहोलचा एक पॉइंट हवा असतो, म्हणून मी तो घेत नाही. दुसरा कर्व्ह वापरण्याचा, म्हणजे वळण वळणच ठेवण्याचा. कॅडमध्ये वळण म्हणजे खरा आर्क, सेंटर आणि रेडियस असलेला, आणि आपल्या जुन्या शेपफाइलला (नकाशाच्या डेटाचा जुना फॉरमॅट) आर्क कळतच नाही, ती त्याच्या छोट्या छोट्या सरळ रेघा करते. क्यूजीआयएसच्या पोटात फाइली वाचणारी-लिहिणारी जी जीडॅल लायब्ररी आहे ती मुळात दर ४ अंशाला एक तुकडा पाडते, म्हणजे १०० मीटर रेडियसच्या वळणावर रेघ खऱ्या आर्कपासून मध्यभागी ६ सेंटीमीटर सुटते. नकाशाला चालेल, कर्बस्टोनला नाही चालणार.

डीडब्ल्यूजी कधी कधी उघडतच नाही, त्यात नवल काही नाही, त्या फॉरमॅटचं स्पेसिफिकेशन ऑटोडेस्कने कधी जाहीरच केलेलं नाही, बाकीचे सगळे चाचपडत वाचतात. तेव्हा ओडीएचा (ओपन डिझाइन अलायन्स या संस्थेचा) फुकट कन्व्हर्टर आहे त्यातून डीएक्सएफ करून घ्यायची किंवा सरळ समोरच्याला डीएक्सएफच मागायची. डीएक्सएफ १९८२ पासून, ऑटोकॅडच्या पहिल्या व्हर्जनबरोबर आलेली, साधी टेक्स्ट फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडते. एकदा उघडून बघाच, गंमत आहे, दोन-दोन ओळींच्या जोड्या असतात, ० खाली 'लाइन', ८ खाली लेयरचं नाव, १० खाली एक्स, २० खाली वाय, ३० खाली झेड, आणि हेच पुढे लाखभर ओळी. यात एक गोष्ट सहसा सापडत नाही, ती म्हणजे कोऑर्डिनेट सिस्टिम. एक्स आणि वाय आहेत पण ते कुठल्या जगातले ते लिहिलेलं नाही. ते तुम्हालाच इंपोर्टच्या वेळी सांगावं लागतं, आणि तिथे अंदाजाने काही टाकलंत की मग तुमचं तुम्ही बघा.

युनिटचंही तेच. हेडरमध्ये एक कोड असतो, ४ म्हणजे मिलिमीटर, ६ म्हणजे मीटर, पण ती नुसती चिठ्ठी असते, ती खरी असेलच असं नाही. मला एकदा आलेल्या फाइलवर मीटरची चिठ्ठी होती आणि आत सगळं मिलिमीटरमध्ये काढलेलं, २० मीटरची इमारत नकाशावर २० किलोमीटरची झाली. हे तरी लगेच दिसतं हो, डोळ्यात भरतं. फुटांचं दिसत नाही. अमेरिकन सर्व्हे फूट आणि आंतरराष्ट्रीय फूट यांच्यात दहा लाखाला दोनच फुटांचा फरक, पण कोऑर्डिनेट २० लाख फुटांचा असला की सगळं ड्रॉइंग ४ फूट सरकलेलं. २०२२ संपताना तो सर्व्हे फूट अधिकृतपणे निवृत्त केला, जुन्या ड्रॉइंगना मात्र हे कोणी सांगितलेलं नाही.

आता प्लॉटचं सांगतो, कारण माझा सगळ्यात जास्त वेळ तिथे जातो. कॅडमध्ये प्लॉट म्हणजे चार रेघा आणि मध्ये एक नंबर. बघणाऱ्याला तो प्लॉट दिसतो, कॉम्प्युटरला चार रेघा आणि एक टेक्स्ट दिसतं, एवढंच. क्यूजीआयएसमध्ये पॉलिगनाइझ चालवलं की रेघांचे पॉलिगन होतात, पण कोपऱ्यात २ मिलिमीटरची फट असली तरी तो प्लॉट गायब, आणि गायब झाल्याचा एरर येत नाही, नुसती मोजणी कमी येते. म्हणून आधी स्नॅप (जवळजवळची टोकं चिकटवणं), मग पॉलिगनाइझ, मग मोजणी, आणि स्नॅपचं टॉलरन्स (किती अंतरापर्यंत चिकटवायचं ते) जास्त दिलं तर शेजारचा अरुंद बोळच चिकटून जातो, तेही मी करून बसलोय. मग नंबर आत घ्यायचा, लोकेशनवरून जॉइन करून. इथे खरी मेख आहे. टेक्स्टचा पॉइंट म्हणजे टेक्स्टचा मध्य नाही, साधारणपणे त्याचा डावा खालचा कोपरा असतो. प्लॉट लहान असला की ड्राफ्ट्समन बिचारा अक्षरं बसवायला टेक्स्ट थोडं डावीकडे सरकवतो, दिसायला छान, पण पॉइंट पडतो शेजाऱ्याच्या हद्दीत, आणि एका प्लॉटला दोन नंबर, दुसऱ्याला एकही नाही. जॉइन झाल्यावर ज्यांना शून्य किंवा दोन नंबर मिळाले ते आधी वेगळे काढा, तिथेच सगळा गोंधळ सापडतो.

आता एक्सपोर्ट, म्हणजे अडीच मार्कवालं. त्याच मेन्यूत प्रोजेक्ट डीएक्सएफमध्ये एक्सपोर्ट करायची सोय आहे. सिम्बॉलॉजीचे (नकाशाच्या रंगरूपाचे) तीन पर्याय येतात: काहीच नको, फीचर सिम्बॉलॉजी, आणि सिम्बॉल लेयर सिम्बॉलॉजी. नवीन माणूस हमखास तिसरा घेतो कारण त्यात नकाशा सगळ्यात सुंदर जातो. घेऊ नका! तुमचा रस्ता जर जाड काळ्या रेघेवर पातळ पिवळी रेघ असा रंगवलेला असेल तर तिकडे एकाच रस्त्याच्या दोन रेघा जातात, एकावर एक, आणि कॅडवाला लांबीची बेरीज करतो ती दुप्पट. मी पहिला पर्याय घेतो आणि रंग त्यांना त्यांचे करू देतो.

अॅट्रिब्यूट टेबलचं (प्रत्येक वस्तूच्या माहितीच्या टेबलचं) काय, तर ते विसरा. डीएक्सएफमध्ये ब्लॉक अॅट्रिब्यूट वगैरे प्रकार आहेत, पण आपलं ३० कॉलमचं टेबल जसं आहे तसं तिकडे जाऊन वापरता येईल अशी आशा ठेवू नका. एक कॉलम निवडता येतो, त्यातल्या मूल्याप्रमाणे लेयर पडतात, ही सोय मात्र फार कामाची, पाइपचा व्यास निवडला की व्यासाप्रमाणे लेयर. फक्त चुकून 'शेरा' कॉलम निवडू नका, जितके शेरे तितके लेयर होतात. मी प्रत्येक वस्तूचा आयडी लेबल म्हणून एका वेगळ्या लेयरवर पाठवतो, कॅडवाला तो लेयर बंद ठेवतो, आणि ड्रॉइंग परत आलं की त्या आयडीवरून माझं टेबल पुन्हा जोडतो. देवनागरी लेबलं पाठवायची असतील तर समोरच्याला युनिकोड फॉन्ट लावायला सांगा, कॅडच्या जुन्या एसएचएक्स फॉन्टमध्ये ती प्रश्नचिन्हं होऊन बसतात.

आणि एक्सपोर्टच्या खिडकीत सीआरएस (कोऑर्डिनेट सिस्टिम) बघितल्याशिवाय ओके दाबू नका, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगतोय. खाली बेसमॅप होता म्हणून माझं प्रोजेक्ट वेब मर्केटरमध्ये (वेबवरच्या नकाशांच्या प्रोजेक्शनमध्ये) होतं, तशीच फाइल पाठवली. ३० अंश अक्षांशावर त्यात १०० मीटरचं कुंपण ११५ मीटर होतं, ६० अंशावर २०० मीटर. मला हे कळलं का नाही, तर क्यूजीआयएसची मोजपट्टी इलिप्सॉइडवर (पृथ्वीच्या गोलसर आकारावर) मोजते, ती मला इमानदारीत १०० दाखवत होती, आणि कॅड सपाट कागदावर मोजतं. चूक पूर्ण माझी, पण प्रोग्रॅमने तिथे एक इशारा दिला असता तर काय बिघडलं असतं? यूटीएममध्ये (पृथ्वीच्या पट्ट्या पाडून मीटरमध्ये मोजणारं प्रोजेक्शन) पाठवलं तरी कॅडवाल्याला सांगून ठेवा की मधल्या रेखावृत्तावर स्केल ०.९९९६ आहे, जमिनीवरचा एक किलोमीटर तिथे ४० सेंटीमीटरने कमी भरतो, नाहीतर तो टोटल स्टेशन (सर्व्हेचं मोजणी यंत्र) घेऊन जागेवर जातो आणि तुम्हाला फोन करतो.

पैसे मोजायची तयारी असेल तर एफएमई ही डेटा रूपांतराची प्रणाली आहे, ती हेच सगळं व्यवस्थित नियम लावून करते, आर्कजीआयएस डीडब्ल्यूजी थेट वाचतं, ऑटोकॅडच्या मॅप थ्रीडीत शेपफाइल आत घेता येते. रोज शंभर फाइली असतील तर घ्या. माझ्या महिन्याच्या पाच-सहांसाठी क्यूजीआयएसच बरं.

शेवटची कटकट, कॅडवाले मोठे कोऑर्डिनेट बघितले की सगळं ड्रॉइंग उचलून शून्यावर नेतात. आधी मला राग यायचा, पण त्यांचंही खरं आहे, काही प्रोग्रॅम स्क्रीनवर ३२ बिटमध्ये काढतात आणि ४० लाख मीटरच्या आसपास त्यात पाव मीटरची पायरी पडते, हॅच (आकारात भरलेल्या रेघा) थरथरतात, रेघा नाचतात. हल्ली मीच आधी किती सरकवायचं ते ठरवून देतो, पूर्ण हजारांत, आणि तो आकडा ड्रॉइंगमध्येच टेक्स्ट म्हणून लिहितो. परत आलं की क्यूजीआयएसच्या ट्रान्सलेटमध्ये तोच आकडा टाकायचा. बरोबर दोन खुणेचे पॉइंटही पाठवतो, ते परत जागेवर पडले तरच पुढचं काम. मागच्या वेळी पहिला जागेवर पडला आणि दुसरा नाही, कोणीतरी ड्रॉइंग सरळ दिसावं म्हणून अर्धा अंश फिरवलं होतं.