एमएम ५४० की जिप्सी किंग? खळ्यात उभी करून तयार करायची तर आधी हे पाहा

जुनी फोर बाय फोर आणायची आणि सवडीने घरीच तयार करायची म्हटलं की खान्देशात बहुतेक वेळा दोनच नावं निघतात: महिंद्राची एमएम ५४० आणि मारुतीची जिप्सी किंग. दोन्ही पाट्यांवरच्या (म्हणजे लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवरच्या), दोन्हींना पुढे-मागे अखंड एक्सल, दोन्हींची चासी वेगळी आणि बॉडी वेगळी. दोन जॅक, चार घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), पान्यांची पेटी आणि हाताखाली एक माणूस एवढ्यावर निम्म्याहून जास्त कामं खळ्यात होतात. फरक असा की जीप घरच्या हाताची थोडी चूक पोटात घालते, जिप्सी घालत नाही. जळगाव-भुसावळकडचं ४५ अंशांचं ऊन आणि पावसाळ्यातली काळी माती हा फरक पहिल्याच वर्षी दाखवून देतात.

पाहायला गेलेला माणूस बॉनेट उघडून इंजिनाचा आवाज ऐकतो आणि तिथेच भाव ठरवतो. इंजिन खोलून बांधता येतं. सडलेल्या चासीचं घरी काही होत नाही. म्हणून आधी गाडीखाली शिरा.

खालून

जिप्सीचा पत्रा पातळ. मॅट उचलून पाय ठेवायची जागा, बॉडी जिथे चासीवर रबरी बुशवर बसते ती ठिकाणं आणि मागच्या पाट्याच्या हँगरभोवतीची चासी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने टोचून पाहा. टोक आत गेलं की ती गाडी सोडा, मग इंजिन कितीही गोड वाजो. जीपचं लोखंड जाड, तिला गंजाआधी तडे जातात: पाट्यांच्या हँगरपाशी आणि स्टिअरिंग बॉक्सच्या बोल्टांभोवती. ओझ्याला राबलेल्या जीपला तिथे वेल्डिंगच्या पट्ट्या मारलेल्या सापडतात. नीट मारलेली एखादी पट्टी चालेल. पट्टीवर पट्टी असेल तर नको.

फोर बाय फोर खरंच जोडली जाते का, हे चिखल न शोधताही कळतं. इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दगड. पुढचं एकच चाक जॅकवर उचला, लिव्हर फोर-हायमध्ये (चारही चाकांवर) टाका, हब लॉक (पुढची चाकं शाफ्टला जोडणारी कुलपं) असतील तर तेही लावा. आता ते चाक हाताने फिरता कामा नये. फिरलं तर ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या-मागच्या एक्सलला वाटणारी पेटी), शाफ्ट, हब किंवा आतला एक्सल यांपैकी काहीतरी तुटलेलं आहे किंवा काढून टाकलेलं आहे. लिव्हर टू-हायला (फक्त मागच्या चाकांवर) आणल्यावर तेच चाक सुटं फिरायला हवं. विकणारा डांबरावर फोर बाय फोर लावून दाखवत असेल तर त्याला थांबवा. कोरड्या डांबरावर चाकं घसरत नाहीत, सगळा ताण शाफ्टात साठतो आणि लिव्हर अडकून बसते.

इंजिन आणि ऊन

एमएम ५४० मधलं डिझेल इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०. २११२ सीसी, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो त्या नळ्या) ओले, म्हणजे बाहेरून थेट पाण्याला लागलेले. त्यामुळे घासलेले लायनर ओढून काढायचे आणि नवे बसवायचे, ब्लॉक बोअरिंगला न्यायची गरज नाही. लायनर-पिस्टनचा किट, बेअरिंग आणि पॅकिंग सेट हाताशी असेल तर सवडीने काम करणाऱ्यालाही हे जमतं. फसतं ते एकाच जागी. लायनर ज्या कडेवर टेकतो तिथे जुना गंज किंवा क्षार राहिला की चारही लायनर सारख्या उंचीवर उभे राहत नाहीत. हेड कसलं तरी एखाद्या लायनरवर दाब कमी पडतो आणि काही दिवसांत पाणी ऑइलमध्ये उतरतं. म्हणून ती कड चकाकेपर्यंत साफ करा, आणि हेड ठेवण्याआधी प्रत्येक लायनर ब्लॉकच्या किती वर आहे ते डायल गेजने मोजा. घेताना तपासायला सोपी खूण: इंजिन गरम करून स्लोवर ठेवा, ऑइलचं झाकण उघडून उलटं त्याच तोंडावर ठेवा. झाकण नाचायला लागलं आणि भकाभका धूर आला तर इंजिनकाम धरूनच भाव बोला.

जिप्सी किंगचं पेट्रोल इंजिन १२९८ सीसीचं. १९९६ साली ती कार्बोरेटरसह आली, २००० पासून सोळा व्हॉल्व्हचं एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारं) आलं. ब्लॉक आणि हेड दोन्ही ॲल्युमिनियमचे, फार तापले की वाकतात. म्हणून जिप्सी विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न, ‘कधी तापली होती का?’ हेड उतरवल्यावर सरळ पट्टी आडवी-तिरकी ठेवून फीलर गेज (ठरावीक जाडीच्या पातळ पाती) घाला. ०.०५ मिमीची पात खालून गेली तर हेड फेसिंगला (मशीनवर सपाट करायला) पाठवायचं, नवं पॅकिंग टाकून तसंच बसवायचं नाही. इथे टॉर्क पाना हवाच. अंदाजाने ओढलेला बोल्ट ॲल्युमिनियमचे आटे खाऊन टाकतो. सिलिंडर घासले असतील तर बोअरिंगवाल्याकडे जाणं आलं. टायमिंग बेल्ट कधी बदलला ते ठाऊक नसेल तर गाडी घरी आल्याबरोबर बदला, आणि त्याच वेळी वॉटर पंपही टाका, कारण पंपासाठी पुन्हा तोच बेल्ट काढावा लागतो. आता पंपावर ई-२० (वीस टक्के इथेनॉलचं) पेट्रोल मिळतं. वीस-पंचवीस वर्षांचे रबरी पाइप त्यात फुगतात, चिरतात. टाकीपासून इंजिनापर्यंतचे सगळे पाइप आणि क्लिपा नव्या टाका, एमपीएफआयला इंजेक्शनच्या दाबाचे.

उन्हाचा उपाय दोन्हींना एकच, आणि तोच आपल्याकडे उलटा केला जातो: गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून फेकतात. खरं कारण बहुतेकदा रेडिएटरमध्ये असतं. वर्षानुवर्षं बोअरचं क्षाराचं पाणी ओतलेलं, नळ्या निम्म्या बुजलेल्या, आणि पंख्याभोवतीचं कव्हर कोणीतरी काढलेलं. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात लटकवा आणि पाणी तापवा. ८२ अंशांचा असेल तर त्याच्या आसपास तो उघडायला लागतो आणि पाणी उकळायच्या आत पूर्ण उघडतो. उघडला तर दोष दुसरीकडे शोधा. तांब्या-पितळेचा रेडिएटर खोलून सळईने साफ करून घेता येतो. त्यानंतर आत फक्त कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर, निम्मं-निम्मं. कव्हर मिळवून परत लावाच. त्याच्याशिवाय पंखा रेडिएटरमधून हवा न ओढता आजूबाजूचीच गरम हवा घुसळतो.

इंजिनकाम घरी करायचं असेल तर जीप. हलकी, चपळ, कुटुंबाला घेऊन तोरणमाळ किंवा कन्नड घाट चढणारी गाडी हवी असेल तर जिप्सी, पण तापलेली नसलेली.

पुढचा एक्सल, म्हणजे खरं काम

दोन्हींच्या पुढच्या चाकांमागे बंद नकल (चाक वळवणारा सांधा) असतं, बाहेरून गोळ्यासारखं दिसणारं. त्यावरची सील आणि फेल्ट काळी माती घासून खाते. गोळ्यावर ग्रीसऐवजी काळं पातळ ऑइल दिसलं, किंवा टायरची आतली बाजू ओली असली, तर एक्सलच्या आतलं ऑइल सील गेलेलं आहे आणि डिफरन्शियलचं ऑइल नकलमध्ये येतंय. नुसतं बाहेरचं सील बदलून ते थांबत नाही, हे इथे वारंवार चुकतं.

चाळीस-पन्नासच्या वेगात खड्डा लागला की स्टिअरिंग हातात थडथडायला लागतं, तेव्हा सगळे आधी व्हील बॅलन्सिंग करतात. त्याऐवजी चाक उचला, वर आणि खाली धरून हलवा. खडखडलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा. खडखड थांबली तर व्हील बेअरिंग सैल आहे. थांबली नाही तर किंगपिनची (नकल ज्यावर वळतं त्या खुंटीची) बेअरिंग गेली. किंगपिनच्या टोपीखाली शिमा (पातळ चकत्या) असतात, त्या कमी केल्या की बेअरिंगवर दाब येतो. जिप्सीला नकलचं सील काढून, टाय रॉड सोडून, स्प्रिंगकाट्याने नकल ओढून पाहा. १ ते १.८ किलोवर हलायला लागलं तर बरोबर. दोन्ही बाजूंच्या सील, बेअरिंग आणि ग्रीससह हे काम शनिवार-रविवारचं आहे. सुटे भाग दोन्हींचे मिळतात, पण जीपच्या भागांत हलका माल फार. बेअरिंग आणि ऑइल सील नावाजलेल्या कंपनीचंच घ्या.

ट्रान्सफर केसचे आजार मात्र वेगवेगळे. जिप्सीची केस गिअरबॉक्सपासून सुटी, तीन रबरांवर टांगलेली आणि मध्ये छोटा शाफ्ट. रबर फाटलं की गिअर टाकताना ‘ठक’ होतं आणि लो-मध्ये टाकलेली लिव्हर आपोआप सुटते. तीन रबरं बदलणं हे अर्ध्या दिवसाचं स्वस्त काम, आणि त्यासाठी केस खोलून बसणारे कमी नाहीत. जीपची केस गिअरबॉक्सला चिकटलेली. मधलं सील गेलं की एकातलं ऑइल दुसऱ्यात जातं. म्हणून दोन्हींची पातळी एकत्र तपासायची.

जिप्सीला गिअरबॉक्समध्ये साधारण १.३ लिटर, ट्रान्सफर केसमध्ये ०.८, पुढच्या डिफरन्शियलमध्ये २ आणि मागच्यात १.५ लिटर ऑइल लागतं. बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत भरायचं. आधी भरायचा बोल्ट सुटतोय का पाहा, मगच खालचा काढा. नाहीतर ऑइल सांडून गाडी अडकून बसते. गिअरबॉक्सला जीएल-४, डिफरन्शियलला जीएल-५ दर्जाचं ऑइल. सरसकट एकच ‘नव्वद नंबर’ ओतू नका, जीएल-५ मुळे गिअरबॉक्समधल्या सिंक्रोच्या (गिअर अलगद बसवणाऱ्या) पितळी रिंगा खराब होतात.

ब्रेक आणि बाकीच्या सुधारणा

इथे जिप्सी किंग सरळ पुढे आहे: पुढे डिस्क आणि बूस्टर (पायाचा जोर वाढवणारा). जुन्या जीपला चारही ड्रम. चिखलातून निघाल्यावर ब्रेक एका बाजूला ओढतो, कारण एका ड्रममध्ये माती आणि दुसऱ्यात नाही. आधी आहे तेच नीट करा: व्हील सिलिंडरचे वॉशर, ब्रेकचे नवे लायनर, ॲडजस्टर चाक अडेपर्यंत फिरवून किंचित मागे, मग मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाकडून हवा काढायला सुरुवात. बूस्टर आणि डिस्क बसवायच्याच असतील तर एक गोष्ट आधी समजून घ्या. पेट्रोल इंजिनात बूस्टरला लागणारा व्हॅक्यूम आपोआप मिळतो, डिझेलात मिळत नाही. त्यासाठी अल्टरनेटरच्या पाठीवर व्हॅक्यूम पंप लागतो, आणि पंपाला इंजिनचं ऑइल आणणारा व परत नेणारा असे दोन पाइप. ऑइलचा पाइप जोडायचा राहिला तर पंप जळतो आणि ब्रेक ऐन उतारावर दगडासारखा कडक होतो.

सर्वांत कमी पैशांत होणारी सुधारणा दोन्हींना सारखीच: एक्सलच्या ब्रीदरला (आतली हवा ये-जा करायच्या भोकाला) रबरी नळी जोडून ती बॉनेटखाली उंच बांधणं. गरम एक्सल नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आक्रसते आणि सील-ब्रीदरमधून पाणी ओढलं जातं. नंतर ऑइल चहासारखं दुधाळ निघतं. तसं निघालं तर त्याच आठवड्यात बदला. टायर फार मोठे घेऊ नका. जिप्सीचे पुढचे एक्सल जॉइंट त्याने आधी जातात. पाटे उतरवले असतील तर यू-बोल्ट पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा कसा.

आरसी

मूळ इंजिनाऐवजी दुसरं डिझेल बसवलेल्या जीपा इकडे खूप फिरतात. काम चांगलं असेलही, पण इंजिन बदलायला आरटीओची परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ रचनेत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठामपणे सांगितलं. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण, सोबत पर्यावरण कर. गाडी एमएच १९, १८ की ३९ (जळगाव, धुळे की नंदुरबार) हे महत्त्वाचं नाही, नूतनीकरण थकलंय का ते पाहा. लिलावातल्या बिननोंदणीच्या गाडीच्या वाटेला जाऊ नका.

बयाणा देण्याआधी चासीवर ठोकलेल्या नंबराची जागा रॉकेलच्या फडक्याने पुसा, पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल घासा आणि उमटलेला एकेक आकडा आरसीशी जुळवा. आकड्यांभोवती ग्राइंडरच्या रेघा किंवा वेल्डिंगचा डाग दिसला तर गाडी कितीही आवडली असली तरी तिथूनच परत फिरा.