आईच्या हातांचं मालिश : सात महिन्यांनंतर

आईला स्मृतिभ्रंश आहे. गेल्या वर्षापासून तिची संध्याकाळ अवघड होत गेली. ऊन कललं की उठून दाराशी जायची, पदर पिळत "मला घरी सोडा" म्हणायची, तेही स्वतःच्या घरात बसून. तिला बघायला येणाऱ्या सिस्टरांनी मला हातांचं मालिश शिकवलं. सात महिने झाले, जवळपास रोज करते आहे.

पहिले तीन आठवडे जमलंच नाही. भांडी उरकावीत तसे मी तिचे हात उरकत होते आणि ती ते ओढून घ्यायची. सिस्टर म्हणाल्या, "ताई, रगडू नका, नुसता हात फिरवा. आत्ता करताय त्याच्या निम्म्यानं हळू." आता मनगटापासून कोपरापर्यंत जायला मी सात-आठ सेकंद घेते. हे का लागू पडतं ते मी नंतर वाचलं. लव असलेल्या त्वचेत काही अतिशय बारीक मज्जातंतू असतात. सेकंदाला १ ते १० सेंटीमीटर अशा संथ, अंगाइतक्या उबदार स्पर्शाला ते सगळ्यांत जास्त प्रतिसाद देतात आणि भावनांशी जोडलेल्या मेंदूच्या भागाला तो कळवतात. घाईनं चोळलं की ते फारसा प्रतिसाद देत नाहीत. म्हणजे माझे ते तीन आठवडे का वाया गेले ते कळलं.

तेल बिनवासाचं, आधी माझ्या तळव्यात कोमट केलेलं. मी तिच्यासमोर, तिच्या नजरेच्या उंचीवर बसते. "आई, हात धरू का?" असं विचारून थांबते. तिनं हात मागे घेतला तर त्या दिवशी मालिश नाही. एकदा सुरू केलं की माझा एक हात कायम तिच्या हातावर असतो. दोन्ही एकदम उचलले की ती दचकते. दोन्ही हातांचं मिळून दहा मिनिटांत होतं.

सगळ्यांत मोठा फरक मुठीत पडला. तिची उजवी मूठ घट्ट मिटलेली असायची, नखं तळव्यात रुतायची, आत ओल साचून वास यायचा. आता पाचव्या-सहाव्या मिनिटाला बोटं सैल होतात. तेव्हाच तळवा पुसून कोरडा करते, नखं कापते. पूर्वी याच कामासाठी दोघांना तिला धरावं लागायचं, आणि ते मला आजही आठवायला नको वाटतं.

शांतपणा अर्धा-पाऊण तास टिकतो, त्याहून जास्त नाही. कॉक्रेन ही वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासून आढावे काढणारी संस्था. तिच्या २००६च्या आढाव्यात निकषांत बसणारे दोनच छोटे अभ्यास सापडले होते. त्यांतला एकच हातांच्या मालिशवर होता आणि त्यानं अस्वस्थता तेवढ्यापुरती कमी होते, इतकंच दिसलं. माझाही अनुभव तोच. पण तिला अंथरुणावर निजवण्याआधीचा अर्धा तास आमच्यासाठी फार असतो.

एक गोष्ट कळकळीनं सांगते. माकडहाड, टाचा, कुठेही लाल झालेली जागा चोळू नका. शय्याव्रण, म्हणजे सतत पडून राहिल्यानं होणाऱ्या जखमा, होऊ नयेत म्हणून पूर्वी तिथेच चोळायला शिकवत. आता ते टाळतात, कारण आतल्या नाजूक ऊतींना इजा होते. पोटरी सुजलेली, गरम, दुखरी असेल तर हात न लावता डॉक्टरांना दाखवा, रक्ताची गुठळी असू शकते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी विचारून घ्या.

चौथ्या महिन्यात सलग तीन दिवस मूठ उघडलीच नाही. मला वाटलं, उपयोग संपला. सिस्टरांनी लघवी तपासायला लावली, तर जंतुसंसर्ग निघाला. औषध सुरू झाल्यावर पाचव्या दिवशी बोटं पुन्हा सैल झाली. तेव्हापासून मूठ किती वेळानं उघडली ते मी रोज वहीत लिहिते, आणि सिस्टर आल्या की आधी ती वही बघतात.