कुठ्ठाळीची पक्षी-होडी: समुद्र गरुडासाठी घ्यावी का?

जरूर घ्यावी. गोव्यात झुआरी नदीवरच्या कुठ्ठाळीहून सकाळी निघून कुंभारजुव्याच्या कालव्यात शिरणाऱ्या या होडीत मगर दिसली तर ती वरकमाई समजा. खरी जमेची बाजू म्हणजे चार पैसे जास्त देतो म्हटले तरी नावाडी घरट्याच्या झाडाखाली होडी नेत नाही.

त्याचे मोल कळायला गरुडाचा संसार माहीत हवा. समुद्र गरुडाची जोडी वर्षानुवर्षे त्याच उंच झाडावर काटक्या रचते. अंडी बहुधा दोन, उबवणे साधारण सहा आठवडे. माणसांच्या गलक्याने मादी उठली की अंडी उन्हात उघडी पडतात आणि कावळे टपलेलेच असतात. दोन पिल्लांतले बऱ्याचदा एकच जगते. एका फोटोपायी जोडीचे अख्खे वर्ष फुकट जाऊ शकते. हिवाळ्यात, म्हणजे ऐन पर्यटनाच्या दिवसांत, वीण चालू असते. फांदीवरचा पक्षी मान ताणून होडीकडे टक लावू लागला की इंजिन तिथेच बंद व्हायला हवे. पुढे वाकून पंख सैल केले, तर उशीर झाला. इथला नावाडी पहिल्याच खुणेला थांबतो.

उणीव ओळख पटवण्यात आहे. घाईत ब्राह्मणी घारीच्या तपकिरी पिल्लालाही गरुड म्हटले जाते. गरुडाचे पंख पसरले की जवळजवळ दोन मीटर भरतात, तरंगताना इंग्रजी व्हीसारखे वर उचललेले असतात आणि शेपूट आखूड, पाचरीसारखी असते. घारीचे पंख सपाट, शेपूट गोल. मोठ्या गरुडाचे पोट पांढरे असते, पण ते पांढरेच हवे असा हट्ट नको, कारण गरुडाचे पिल्लूही तपकिरीच असते.

दुर्बीण आठ पटीची, ४२ मिमी भिंगाची न्या; दहा पटीची होडीत फार हलते. जाताना ऊन समोरून येते, म्हणून फोटो परतीच्या वाटेवर काढा. सुकतीला, म्हणजे ओहोटीत, चिखल उघडा पडतो, तेव्हा बगळे भरपूर दिसतात, पण होडीला काठाजवळ जाता येत नाही.

होडी कुठलीही ठरवा, बुकिंग करताना मासे किंवा कोंबडीची कातडी फेकता का, हे आधी विचारा. मलेशियात लंकावीला कातडी टाकून गरुड गोळा करतात. त्यात चरबीच जास्त, हाड नाही. वाढत्या पिल्लाला ते निकस अन्न. उत्तर ‘हो’ आले तर ती होडी सोडा.