नॅटच्या मॉडसाठी ४२,४९९ रुपये घालवले, डीसीएसवाल्यांनो वाचा

डीसीएस हा कॉम्प्युटरवरचा लढाऊ विमानांचा गेम, नॅट हे ७१च्या युद्धातलं आपलं छोटं लढाऊ विमान, आणि मॉड म्हणजे गेमला खेळाडूंनी स्वतः बनवून जोडलेला भाग. असं नॅट बनवतोय सांगून एकाने मला फसवलं. आधी आकडे सांगून टाकतो, नाहीतर लोक "गेले असतील पाच-सात हजार" म्हणून मोकळे होतात. ४,९९९ रुपये "फाउंडर टेस्टर" म्हणून, १२,५०० कॉकपिटच्या थ्रीडी मॉडेलसाठी, १८,७०० फ्लाइट मॉडेल (विमान हवेत कसं वागेल ते ठरवणारा कोड) लिहिणाऱ्या कोडरला आणि शेवटी ६,३०० "एसडीके लायसन्स फी", म्हणजे मॉड बनवायच्या सॉफ्टवेअर साधनांचा परवाना. एकूण ४२,४९९. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "एवढ्यात खऱ्या विमानाने अंदमानला जाऊन आलो असतो." यावर काय बोलणार.

आणि मी काही लॉटरी लागली म्हणून लिंकवर क्लिक करणारा माणूस नाहीये. आयटीत काम करतो, ओटीपी कुणाला देत नाही, वीज कापायचे फोन आले तर उलट त्यांनाच झापतो. हे प्रकरण वेगळं होतं म्हणून लिहितोय.

ज्यांनी डीसीएसमध्ये ७१च्या युद्धाची मिशनं बनवलीयेत त्यांना पंचाईत माहितीये. समोरच्यांचं, म्हणजे पाकिस्तानचं, एफ-८६ साबर गेममध्ये आहे. त्यांच्या एफ-६ च्या जागी मिग-१९ चालून जातं, एफ-६ म्हणजे त्याचीच चिनी आवृत्ती. आपल्या बाजूला मात्र बोंब. मिग-२१ आहे पण ते बिस, नंतरची आवृत्ती, आणि ७१ला आपल्याकडे होतं आधीचं एफएल. आणि नॅट, ज्याला लोक साबर स्लेयर म्हणायचे, मूळ ब्रिटिश पण एचएएलने बंगळुरूला बनवलेलं ते एवढंसं विमान, दोन ३० मिमी एडन तोफा, ते अधिकृत मॉड्यूल, म्हणजे गेमसाठी विकत मिळणारं विमान, म्हणून नाहीच. मग मी ए-४ चा कम्युनिटी मॉड घ्यायचो, तो फुकट आहे आणि अप्रतिम आहे, त्यालाच नॅट समजायचं. काश्मीरचा नकाशा नाही म्हणून कॉकेशसच्या नकाशावर नालचिकला श्रीनगर म्हणायचं, शेजारी डोंगर आहेत, हिवाळा लावून धुकं टाकलं की निभावतं. १४ डिसेंबर १९७१ची सकाळ, श्रीनगरवर सहा साबर, बॉम्ब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर सेखों नॅट घेऊन त्याच धावपट्टीवरून उठले, हे सगळ्यांना माहितीये. मी त्यात माझं "जर" घालायचो. जर त्या दिवशी अजून दोन नॅट वर असती तर? जर बोयराच्या हवाई लढाईनंतर साबर दुसऱ्या दिवशी परत आली असती तर? अशी काल्पनिक मिशनं, मराठीतून ब्रीफिंग, सगळी फुकट वाटायचो. एक पैसा घेतला नाही कधी.

तर मला फसवणारा हा गडी तिथूनच आला. माझं मिशन उडवलं म्हणाला, ट्रिगर (मिशनमध्ये कधी काय घडायचं ते ठरवणाऱ्या सूचना) किती भारी लावलेत दादा, तिसऱ्या साबरला मागून येताना बघून अंगावर काटा आला वगैरे. सांगलीचा आहे म्हणाला. मराठी अस्सल, कुठून पढवून आलेली नाही. कॉलसाइन, म्हणजे गेममधलं टोपणनाव, सांगून उपयोग नाही, एव्हाना बदलला असणार. मग म्हणाला आपण नॅट करतोय, फुल फिडेलिटी, प्रत्येक बटण चालणार, चार जणांची टीम आहे, तुम्ही मिशनांचं बघा.

मी परीक्षा घेतली होती, हे लिहून ठेवा. विचारलं, नॅटला एअरब्रेक (हवेत वेग कमी करायचा ब्रेक) कुठे असतो? म्हणाला, "वेगळा नसतोच दादा, चाकं थोडी खाली सोडली की तोच एअरब्रेक." बरोबर. चाकं खाली आली की एलेरॉन, म्हणजे पंखांच्या मागच्या हलत्या पट्ट्या, पण खाली झुकतात, ते पण त्याने आपणहून सांगितलं. आता एवढं सांगणाऱ्यावर कोण संशय घेणार? ही माहिती नेटवर पाच मिनिटांत मिळते हे आज कळतंय, पण तेव्हा वाटलं की नॅटचं कुणी एवढं वाचतं म्हणजे आपलाच माणूस.

आणि आता ते, ज्याच्यासाठी अजून झोप लागत नाही. त्याने व्हिडिओ पाठवला. नॅट आकाशात, खाली बर्फाचे डोंगर, चांदीसारखं अंग, शेपटीवर तिरंगा. मी तो किती वेळा बघितला असेल देव जाणे. त्यात तो एक वळण घेताना वेग कमी करतो. चाकं बंद. पोटाखाली काही उघडत नाही. आणि वेगाचा काटा धाडकन खाली! अरे, ज्या माणसाने मला सांगितलं की चाकं सोडल्याशिवाय नॅटला एअरब्रेक नाही, त्याच माणसाचं नॅट चाकं बंद ठेवून ब्रेक मारतंय. मी हे बघितलं. नुसतं बघितलं नाही, विचारलं पण. "प्लेसहोल्डर आहे दादा, फ्लाइट मॉडेल अजून दुसऱ्याचं लावलंय." कॉकपिटमध्ये रशियन अक्षरं दिसत होती, ब्रिटिश विमानात! ते पण प्लेसहोल्डर. आणि हे पटण्यासारखंच होतं ना, किती फुकट मॉडमध्ये कॉकपिट दुसऱ्या विमानाचं उसनं घेतलेलं असतं, आपण सगळेच ते चालवून घेतो. बाहेरच्या कॅमेऱ्यात स्क्रीनच्या तळाला जी माहितीची पट्टी येते, विमानाचं नाव, उंची, वेग, ती सगळीकडे कापलेली होती. मला वाटलं सिनेमॅटिक दिसावं म्हणून. एका ठिकाणी अर्धा सेकंद राहून गेली होती, पैसे गेल्यावर मी व्हिडिओ फ्रेम फ्रेम करून बघितला. एल-३९. झेकोस्लोव्हाकियाचं ट्रेनर. त्याच्या अंगावर नॅटचं विकतचं मॉडेल चढवलेलं, आणि ते मॉडेल एका थ्रीडी साइटवर ४५ डॉलरला कुणालाही मिळत होतं.

तेव्हा पहिली गोष्ट: कुणी मॉडचा व्हिडिओ दाखवला तर तळाची पट्टी मागा. देत नसेल तर विषय संपला.

पैसे एकदम नाही घेतले, हप्त्याने घेतले. दर वेळी कारण तयार. पहिले ४,९९९ तर मीच आनंदाने दिले. प्रत्येक वेळी यूपीआय आयडी वेगळा, नाव वेगळं, एकदा कुठल्या तरी बाईचं. "टीममधल्यांचे अकाउंट आहेत, माझं लिमिट संपलंय." शेवटचे ६,३०० म्हणजे तर कळस, एसडीके लायसन्सची फी. आता ऐका, मॉडवाल्याला बाहेरचं फ्लाइट मॉडेल जोडायचं असेल तर त्याचा नमुना गेमच्या फोल्डरमध्येच येतो, फुकट. आणि मॉड्यूल विकायचं असेल तर गेमच्या कंपनीशी करार लागतो, तो सहा हजार तीनशेत सांगलीला बसून होत नाही. फुकटचे मॉड बनवणारे लोक डोनेशन ठेवतात कधी कधी, पण "फाउंडर टेस्टर" असलं काही विकत नाहीत.

मग आलं टेस्ट बिल्ड. ईएक्सई फाइल. मॉड म्हणजे काय असतं? एक झिप, ती उघडून फोल्डर सेव्ह्ड गेम्समधल्या मॉड्सच्या एअरक्राफ्टमध्ये टाकायचा, झालं. त्याला सेटअप कशाला लागतो? अँटिव्हायरसने बोंब मारली तर हा म्हणतो फॉल्स पॉझिटिव्ह आहे, बंद करा. खऱ्या मॉडच्या डीएलएललाही कधी कधी असा अलर्ट येतो, म्हणून मी बंद केला. वर "कॅम्पेन सेव्ह होण्यासाठी" गेमच्या मिशनस्क्रिप्टिंग.लुआ या फाइलमधल्या ओएस, आयओ, एलएफएसच्या ओळी पण बंद करायला लावल्या. त्या ओळी म्हणजे मिशनला तुमच्या डिस्कला हात लावू न देणारं कुलूप आहे. कुणाचं मिशन उघडायला ते कुलूप काढावं लागत असेल तर आधी ती स्क्रिप्ट वाचा, वाचता येत नसेल तर मिशन उडवू नका.

दुसऱ्या दिवशी माझं चॅट अकाउंट माझं राहिलं नाही. पासवर्ड बदलला, मेल बदलला, आणि माझ्या नावाने ग्रुपमधल्या पोरांना मेसेज, "अरे जरा अडचण आहे, ३,५०० टाक, संध्याकाळी देतो." नाशिकच्या एका कॉलेजच्या पोराने टाकले. माझं नाव बघून टाकले. त्याला मी माझ्या खिशातून परत दिले, तो नको नको म्हणत होता. ४२,४९९ पेक्षा त्या ३,५०० ची लाज जास्त वाटते. हे वरच्या हिशेबात धरलेले नाहीत.

आणि माझी मिशनं! कुणीतरी सांगितलं की "१९७१ कॅम्पेन पॅक" २९९ रुपयांना विकला जातोय. मागवून घेतला. मिशनची डॉट मिझ फाइल म्हणजे आतून साधी झिपच असते, नाव बदलून उघडली. ब्रीफिंगमधलं माझं नाव काढलेलं, पण ट्रिगरची नावं तशीच, "पळा_रे", "चहा_नंतर", "साबर_आला_बाबा". माझ्याच फुकट वाटलेल्या मिशनांवर पैसे, आणि माझ्याकडूनही पैसे. जे मिशन बनवतात त्यांनी ट्रिगरची नावं अशीच ठेवा, आणि मूळ फाइल कुठेतरी तारखेसकट जपून ठेवा.

आता सरकारी यंत्रणेची कथा. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० वर, लगेच फोन करा, पहिल्या काही तासांतच पैसे थांबवता येतात, आणि तक्रारीचा नंबर लिहून घ्या, त्या नंबराशिवाय पुढे कुणी तोंड उघडत नाही. मी केला, पण मधल्या दोन दिवसांत मी स्वतःलाच समजावत होतो की तो सांगलीला आजारी असेल.

मग पोलीस ठाणं. साहेबांना समजावलं, सर, विमानाचं मॉड. "मोड?" मोड नाही सर, मॉड, गेममधलं विमान. त्यांनी लिहून घेतलं आणि मला सही करायला दिलं, तर अर्जात "विमान खरेदी व्यवहारात फसवणूक". मी म्हणलं सर, खरं विमान नाहीये. म्हणाले, "मग वस्तू काय मिळणार होती?" फाइल. "फाइल मिळाली ना?" मिळाली, पण तिच्यात व्हायरस होता. "म्हणजे मिळाली." पुढे? "तुम्ही स्वखुशीने दिलेत, हे डोनेशनमध्ये जातं." मग कळलं की मी राहतो एकीकडे आणि बँकेची शाखा दुसऱ्या हद्दीत, तर तिकडे जा. तिकडचे म्हणाले जिथे राहता तिथे. परत आलो तर पहिले साहेब रजेवर, आणि त्यांच्या जागेवरच्याने कागद वाचून अत्यंत गंभीरपणे विचारलं, "विमान ताब्यात मिळालं का?" बाकावर बसलेली एक म्हातारी आजी माझ्याकडे असं बघायला लागली की जणू मीच काहीतरी पळवून आणलंय. चॅटचे चाळीस पानी स्क्रीनशॉट प्रिंट काढून नेले होते, रंगीत, ते "ठेवा इथे" म्हणून एका कपाटावर गेले. व्हिडिओतला एअरब्रेक दाखवायचा प्रयत्न केला. तो प्रयत्न करायला नको होता.

बँकेचं वेगळंच. शाखेत म्हणाले ॲपवर तक्रार टाका. ॲपवर टाकली, चार ओळींचं उत्तर आलं की व्यवहार ग्राहकाने स्वतः पिन टाकून केला आहे, आणि तक्रार "निवारण झाले" म्हणून बंद. निवारण कुणाचं झालं? परत उघडली, परत बंद. शाखेतल्या मॅडम म्हणाल्या, सर सिस्टिमच बंद करते. चॅटवाल्या कंपनीकडे अकाउंट परत मागितलं तर ज्या मेलवरून नोंद आहे त्यावरून लिहा म्हणे, आणि तो मेल तर चोराने बदललाय! बऱ्याच खटपटीनंतर एवढं कळलं की एका खात्यावर १,१४० रुपये गोठवलेत. चला, काहीतरी. ते कधी मिळणार? "कोर्टाचा आदेश आणा." १,१४० साठी वकील लावू?

खातं म्हणे दुसऱ्या राज्यातल्या कुणाचं तरी आहे, भाड्याने दिलेलं. त्या माणसाला बोलवा ना मग. "एवढ्या रकमेसाठी टीम जात नाही." हे त्यांचं वाक्य आहे, माझं नाही. मग मला विचारलं, अजून कुणी फसलंय का, तक्रारदार जास्त असले तर रक्कम मोठी होते आणि बघता येईल.

तर तेवढ्यासाठीच हे लिहिलंय. २९९ चा तो पॅक कुणी घेतला असेल तर मिझ फाइलचं नाव बदलून डॉट झिप करा, उघडा आणि "साबर_आला_बाबा" शोधा. सापडलं तर पैसे दिल्याचा स्क्रीनशॉट काढा, यूपीआय आयडी पूर्ण दिसला पाहिजे, चॅट डिलीट करायच्या आत सेव्ह करा, १९३० वर तक्रार घाला आणि तो नंबर मला कळवा. नॅटच्या नावावर पैसे दिले असतील तर लाजू नका, आत्ताच बोला. आणि ती ईएक्सई ज्यांनी चालवलीये त्यांनी आज सगळे पासवर्ड बदला, पण त्याच कॉम्प्युटरवरून नको.