घरगुती श्वासमापक: सहा महिन्यांच्या वापरानंतर

आमच्याकडे महिन्या-दोन महिन्यांनी बैठक जमते आणि येणारे बहुतेक जण गाडी घेऊन येतात, म्हणून सहा महिन्यांपूर्वी मी साडेचार हजार रुपयांना श्वासावरून मद्यार्क मोजणारे लहानसे यंत्र मागवले. मी स्वतः पीत नसल्यामुळे नोंदी ठेवण्याचे काम ओघानेच माझ्याकडे आले.

यंत्रात फ्युएल सेल पद्धतीचा संवेदक आहे. श्वासातील मद्यार्काचे ऑक्सिडीकरण होताना निर्माण होणारा विद्युत्प्रवाह तो मोजतो आणि श्वासातील प्रमाणाच्या २१०० पट प्रमाण रक्तात आहे असे गृहीत धरून १०० मिलिलीटर रक्तात किती मिलिग्रॅम मद्यार्क आहे तो आकडा दाखवतो. फुंकर मारण्यापूर्वी शेवटच्या घोटानंतर पंधरा मिनिटे थांबावे लागते, अन्यथा तोंडातच राहिलेला मद्यार्क मोजला जातो. मी मद्यार्कयुक्त माउथवॉशने चूळ भरून लगेच फुंकले तेव्हा यंत्राने मला झिंगलेला ठरवले आणि वीस मिनिटांनी पुन्हा शून्यावर आणले.

या यंत्राची खरी किंमत मला कळली ती मेहुण्यांच्या बाबतीत. वजन सत्तर किलोच्या आसपास, सवय बेताची. रात्री आठ ते नऊ या तासाभरात साठ मिलिलीटरचे दोन पेग झाल्यावर, नऊ वीसला, आकडा आला ६१. आवाज चढलेला होता, एकच किस्सा दुसऱ्यांदा सुरू झाला होता, पण त्यांनी आपणहून ‘जरा चढलीय’ म्हणत गाडीची किल्ली माझ्या बहिणीच्या हाती दिली. जेवणाआधी तिसरा पेग झाला आणि साडेदहाला आकडा ८६ वर गेला. सव्वाबारा वाजता ते उठले, ‘आता पूर्ण उतरलीय’ असे शांतपणे सांगून किल्ली परत मागू लागले. बहिणीने यंत्र पुढे केले. आकडा होता ६३.

रक्तात मद्यार्क जवळपास तेवढाच, पण चढताना किल्ली देणारा माणूस उतरताना ती मागत होता. प्रमाण वाढत असताना झिंग जाणवते. मेंदू त्या अवस्थेला सरावला की जाणीव आधी ओसरते, मात्र निर्णयशक्ती आणि प्रतिसादाचा वेग त्याच गतीने पूर्ववत होत नाहीत. इंग्लंडमधील शरीरक्रियातज्ज्ञ एडवर्ड मेलनबी यांनी शंभर वर्षांपूर्वी प्रमाण चढतानाच्या आणि उतरतानाच्या परिणामांतील तफावत नोंदवली असून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. यकृत तासाला साधारण १५ मिलिग्रॅमच्या गतीने प्रमाण खाली आणते आणि कोऱ्या कॉफीने किंवा गार पाण्याच्या आंघोळीने ती गती वाढत नाही, हे मी मेहुण्यांना हिशेब मांडून सांगितले. त्यांनी तो ऐकून घेतला, पटला असे मात्र वाटले नाही. शेवटी ते रिक्षाने गेले.

आता तक्रार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ नुसार १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक मद्यार्क असताना वाहन चालवणे गुन्हा आहे, म्हणून यंत्रात त्याखाली हिरवा दिवा लागतो. त्याच रात्री पहिल्या पेगनंतर आकडा २४ आला आणि दिवा हिरवा लागला, जेव्हा पोटातला बराचसा मद्यार्क रक्तात उतरायचाच होता. त्या क्षणी कोणी गाडी काढली असती तर वाटेतच मर्यादा ओलांडली गेली असती. शिवाय सारासार विचार आणि एका वेळी दोन गोष्टींकडे लक्ष देण्याची क्षमता ३० च्या आतही मंदावू लागते. उत्पादकाने हा दिवा काढून नुसता आकडा ठेवायला हवा होता.

बाकी, फुंकायच्या नळ्या फक्त पाच मिळतात, माहितीपत्रक दुर्बोध आहे आणि वर्षातून एकदा करावयाचे कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा अचूक येतो का ते तपासून जुळवणे, कोठे होईल, याचे उत्तर विक्रेत्याने दोन ईमेलनंतरही दिलेले नाही. घ्यायचेच असेल तर फ्युएल सेलचेच घ्यावे. सेमीकंडक्टर संवेदकाची स्वस्त यंत्रे इतर वाफांनाही मद्यार्क समजतात. आमचे यंत्र सध्या बहिणीच्या घरी, किल्ल्यांच्या खुंटीला टांगलेले असते.